मिनतीदी माशाचे कल्ले उघडतात

बंगालमधल्या काटव्यात मिनतीदींच्या औषधाच्या दुकानाला लोक पोलीसचौकी म्हणत. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला त्या अशा झापत, की त्याचा ताप तिथेच उतरावा! क्षयाच्या सरकारी गोळ्याही त्यांच्याकडेच मिळत, आणि त्या सहा महिने रोज त्यांच्या डोळ्यांदेखत गिळाव्या लागत.

सुबोल हालदार हा मासेवाला तिसऱ्या महिन्यात यायचा बंद झाला. खोकला थांबला, म्हणजे त्याच्या मते रोग संपला. अर्धवट सोडलेला क्षय उलटला की साध्या गोळ्यांना जुमानत नाही, हे मिनतीदींनी त्याला वीसदा बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या थेट बाजारात त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

रोगाचं नाव घेतलं असतं, तर त्याचे मासे कुणी घेतले नसते. म्हणून त्यांनी ताज्या रोहू माशाचा चांगला लालबुंद कल्ला उचकटला आणि मोठ्याने म्हणाल्या, "शी! हा तर परवाचा दिसतोय."

दोन गिऱ्हाइकं मागच्या मागे सटकली.

"दीदी, तोंड सांभाळा! पहाटे धरलाय."

"आधी तू तोंड उघड." त्यांनी मुठीतल्या गोळ्या हळूच पुढे केल्या. "का तो कातला मासाही बघू?"

"मरत का नाही ही बाई!" पुटपुटत सुबोलने गोळ्या गिळल्या.

"जीभ उचल."

त्याने उचलली.

पुढचे तीन महिने तो रोज आठला दुकानात आला, गोळ्या गिळल्या, न सांगता जीभ उचलून दाखवली, आणि मिनतीदींशी एक अक्षर बोलला नाही.