हिरवी रेघ

ऑफिसात तिला सगळे मीटरबाई म्हणत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत, तिची उभी हयात पडद्यावरच्या रेघा बघण्यात गेली. काम ऐकायला सोपं. इथून गावोगावच्या यंत्रांकडे चाचणीसाठी माहितीची चिमुकली पाकिटं पाठवायची आणि ती परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वेळेत परतली की रेघ हिरवी. उशीर झाला की लाल, आणि मग साहेबांचा चेहराही लाल.

साहेबांना त्या रंगाचं वावडंच. त्यांच्या हुकमावरून तिनेच चाचणीच्या पाकिटांना वाट मोकळी करून दिली होती. लोकांचे फोन, फोटो, गप्पा रांगेत ताटकळत, आणि ही पाकिटं मात्र लाडक्या पाहुण्यासारखी थेट आत. गंमत अशी, की स्वतःचीच ही चलाखी ती पुढे साफ विसरली आणि रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवू लागली.

तिची आई दूरच्या गावी एकटी राहायची. हल्ली व्हिडिओ कॉलवर काही विचारलं की आई नुसती बघत राही आणि बऱ्याच वेळाने उत्तर देई.

"लाइन खराब असेल का गं?" परदेशातल्या दादाने फोनवर विचारलं.

"छे! मी रोज बघते ना. ठणठणीत आहे."

"मग आईचंच डोकं साथ देत नाहीये. वृद्धाश्रमात ठेवू, निदान कुणाचं लक्ष तरी राहील."

आई काही आढेवेढे न घेता तयार झाली. मुलीला ते फार लागलं. आई तिकडे जाण्याआधी चार दिवस तरी तिच्याजवळ राहावं म्हणून तिने रजा मागितली.

"कंत्राट तोंडावर आलंय," साहेब म्हणाले. "तू गेलीस तर रेघा कोण बघणार?"

ती खुर्चीत परत येऊन बसली. कुठेच जाता येत नाही, निदान पाकीट तरी जाऊ दे, अशा चिडीने तिने आईच्या गावाकडे एक पाकीट सोडलं. कसलीही सवलत न देता, चारचौघांसारखं रांगेतून. ते लवकर परतेचना. आलं तेव्हा रेघ लालभडक झाली होती. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. तेव्हा कुठे तिला स्वतःचीच चलाखी आठवली.

तिने आईला कॉल लावला. "आई, तुझं डोकं शाबूत आहे गं! लाइन रखडतेय. तू जाऊ नकोस तिकडे."

पडद्यावर आई बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या डोक्याला काय धाड भरलीय?"

"मग जायला हो का म्हणालीस?"

पुन्हा तेच बघत राहणं. "तुझ्याकडे राहायला येऊ का, असं मी विचारलं होतं. तू किती वेळ गप्प होतीस. म्हटलं, पोरीला अडचण असेल. मीच नको म्हटलं."

तिने तर तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता 'ये' म्हटलं होतं.

"आई, मी लगेच हो म्हटलं होतं! आत्ताही म्हणते, ये! आजच ये!"

आई वाट बघत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"बघ, आत्ताही गप्पच. आणि लाइनला कशाला नावं ठेवतेस, बाळ? ती ठणठणीत आहे असं तूच सांगतेस ना नेहमी," असं म्हणून आईने फोन ठेवून दिला.