चुलीमागची भिंत
ओल्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास आला की सत्तरच्या दशकातली, सेलूजवळच्या आमच्या खेड्यातली एक झडीची सकाळ आठवते. कापसाच्या त्या काड्या भिजल्यानं चूल नुसती धुपत होती आणि धाकटी बहीण खोकून बेजार झाली होती. धूर जायला चुलीमागच्या भिंतीत भोक पाडू, असं आई कधीची म्हणत होती. आजोबांचं एकच उत्तर असायचं, "घराला भोक पाडलं की बरकत जाती. बाईमाणसानं सोसायचं." ते स्वतः रोज ओसरीत जेवायचे. त्या दिवशी आईनं त्यांचं ताट चुलीजवळच वाढलं आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मामंजी, आज हितंच जेवा." दुसऱ्याच घासाला ठसका लागून, डोळे पुसत ते ओसरीत पळाले. आईनं कोपऱ्यातली पहार उचलली. "तुमाला दोन घास निघंनात, माजी लेकरं ह्याच्यातच वाढायलीत," म्हणत तिनं भिंतीवर घाव घातला. माती ढासळली, उजेड आत आला. आता माझ्याकडे गॅस आहे. पण कुणी मला "सोस" म्हणालं, की माझी नजर आधी कोपऱ्यात पहार शोधते.