पाट घेऊन आलेले सर

त्या सकाळी मी अंगणात शाडू चाळत होते. पाणी भरून झालं होतं, सासूबाईंना चहा दिला होता, ओल्या मूर्तींवर रात्री टाकलेली गोणपाटं तेवढी दोरीवर टाकायची राहिली होती. चाळताना धूळ उडते म्हणून तोंडाला पदर बांधलेला. तेवढ्यात फाटकापाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. स्वच्छ सदरा, रबरी चपला आणि दोन्ही हातांत एकेक रिकामी प्लास्टिकची बादली.

"आम्हाला बादल्या नकोत," मी पदरातूनच सांगितलं.

"मलाही विकायच्या नाहीत," ते म्हणाले. "दत्ताराम मूर्तिकार इथेच राहतात ना?"

खोपकर सरांची आणि माझी पहिली ओळख ही अशी. सर तेव्हा रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि त्या दोन बादल्या घेऊन एसटीने पेणला आले होते. आज सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांचे विद्यार्थी हा ग्रंथ काढत आहेत आणि त्यात मीही लिहावं असा त्यांचा आग्रह आहे. मी सरांची विद्यार्थिनी नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. जे आठवतं ते साधेपणाने लिहिते.

आमचे हे आत मूर्तींना डोळे काढत बसले होते. सरांनी त्यांच्यापुढे उकिडवं बसून सांगितलं, "एक मूर्ती शाडूची द्या, एक पीओपीची. सारख्या उंचीच्या. मुलांसमोर पाण्यात ठेवणार आहे. कुठली विरघळते, कुठली नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं."

"म्हणजे देव बुडवून बघनार तुमी."

"तुम्ही तर यांना माल म्हणता. मी आत येताना तुम्ही पोराला सांगत होतात, माल जरा भिंतीकडे सरकव."

ह्यांना हसू आलं. "माल हाय तवर मालच. पन एकदा डोळे काढले की आमी त्याला पाय लागू देत नाय. प्राणप्रतिष्ठा काय ती तुमच्या घरी भटजी करील. आमच्यापुरता तो डोळे काढले की देव."

"मग बिनडोळ्यांच्या द्या."

"त्याच देनार व्हतो. तुमचा प्रयोग व्हईल नि आमचं मन बी ऱ्हाईल."

पेणच्या बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्या कारखान्यांत डोळे काढण्याच्या कामाला आखणी म्हणतात. माती मळणारे, साच्यातून काढणारे, अंगाचा रंग देणारे हात अनेक असतात. आखणीचा हात घरात एकच असतो. आमच्या घरात तो ह्यांचा होता.

पुढच्या आठवड्यात सर निकाल सांगायला आले. शाडूची मूर्ती विरघळून बादलीच्या तळाला बसली होती, पीओपीची तशीच उभी होती. पुढच्या हंगामात ह्यांनी शाडूची कामं वाढवली. आळीतल्या एकाने ह्यांना सुनावलं, "मास्तरला चहा पाज तू. उद्या तो आपल्याच चुलीत पानी वतील." ते सरांच्या कानावर गेलं. सर ह्यांना म्हणाले, "पीओपी वापरू नका म्हणणं मला सोपं आहे. शाडूला वेळ जास्त लागतो, मूर्ती जड होते, ट्रकमध्ये तडकते. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तोवर तुमच्या आळीत मी भाषण करणार नाही." रोह्यात, अलिबागला, पार महाडपर्यंत त्यांनी व्याख्यानं दिली. आमच्या आळीत मात्र ते चहा प्यायलाच येत राहिले.

सर येताना माझ्यासाठी पुस्तकं आणत. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, ताऱ्यांची, शरीराची, किड्यामुंग्यांची. दुपारी कारखाना जेवायला थांबला की मी वाचायची. श्रावणात मी पोथीही वाचते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कधी पोथी ठेवून द्या म्हटलं नाही. एकदा विचारलं, "वहिनी, ह्यातलं तुम्हाला खरं किती वाटतं?" मी म्हटलं, "वाचताना सगळं. भाजी चिरायला बसले की निम्मं." सरांनी ते इतक्या लोकांना सांगितलं, की रोह्याची अनोळखी माणसं मला ते वाक्य ऐकवतात.

सर सगळ्यांशी पहिल्यापासून असेच वागत असतील असं नाही. वडखळच्या पुढे खाडीकडच्या एका गावात त्यांचं व्याख्यान होतं. हे त्यांना मोटारसायकलवरून घेऊन गेले होते. कावीळ उतरवून घेण्यावर सर बोलत होते. पुढे एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, मुलाच्या गळ्यात कावीळ उतरवणाऱ्याने घातलेली माळ. सरांनी तिला उभं केलं आणि सगळ्यांसमोर एकेक प्रश्न विचारला. लोक हसले. बाई मूल उचलून निघून गेली. पेणला परतल्यावर सर ह्यांना म्हणाले, "दत्ताराम, मी जिंकलो आणि मूल घरी गेलं." दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा त्या गावात गेले. सरांनी बाईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "गल्यातली माल मी काडनार नाय." सर म्हणाले, "नका काढू. माळेसकट चला." सरकारी दवाखान्यात मूल बरं झालं. माळेने झालं असं ती बाई आजही म्हणते, आणि सर ते हसून सांगतात. तेव्हापासून त्यांनी कुणालाही सभेत उभं केलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात गणपती येतो. त्यांच्या पत्नीची, सुमनताईंची, श्रद्धा आहे, सरांची नाही. दरवर्षी श्रावण लागला की सर पाट घेऊन आमच्याकडे येत. आमच्याकडे रीत अशी, की मुंबईचा माल ट्रकने आधीच जातो, पण जवळपासची घरं आपापला पाट कारखान्यात आणून देतात. त्या पाटावर त्यांची मूर्ती बसते. पाट दिला म्हणजे शब्द दिला. हे सरांना चिडवायचे, "देव मानत नाय मंग पाट कशाला वाहता?" सर म्हणायचे, "पूजेला आमची ही बसते. जड उचलायला मी."

तीन वर्षांपूर्वी आषाढात हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. फळ्यांवर रंग दिलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. कुणालाच डोळे नव्हते.

हंगामात दुसरा आखणीवाला कुठून मिळणार? मला आखणी येत होती. फुटक्या मूर्तींवर ह्यांनीच शिकवली होती. वरची पापणी हात न उचलता काढायची, बुबुळ आधी फिकं आणि मग गडद. पण मी विधवा झाले होते आणि वर्षही फिरलं नव्हतं. लोक येऊन बसायचे, ह्यांच्याबद्दल चांगलं बोलायचे आणि उठताना विचारायचे, "यंदा डोळे कोण काढतंय?" मी काढीन म्हटलं की मान हलवायचे. मग चार दिवसांनी त्यांच्या घरातलं कुणीतरी दिलेला पाट परत न्यायला यायचं. सासूबाई ओटीवर बसून बघायच्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, "असू दे गो. लोकांच्या मनात हाय त्याला आपन काय करनार." त्यांच्या मनात काय होतं, ते मी विचारलं नाही. माझ्याही मनात तेच होतं. कुंचला हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. हात चालला नाही तर कारखाना बंद करायचा, एवढं उघड होतं.

श्रावणात सर आले. पाऊस होता. पाट प्लास्टिकमध्ये गुंडाळून काखेत धरलेला. तो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला, तिथे तेव्हा बरीच जागा रिकामी होती.

"हा हिनं पाठवलाय," ते म्हणाले.

"तुम्ही त्यांना समजावलंत?"

"नाही. डोळे तुम्ही काढणार, एवढंच सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी पाट पुसून दारात आणून ठेवला."

"आणि त्या नको म्हणाल्या असत्या तर?"

"तर हात हलवत आलो असतो. आणि ती नको म्हणाली, असं तुम्हाला सांगितलं असतं. तिच्या देवाच्या बाबतीत तिच्या वतीने मी कसा ठरवणार?" मग म्हणाले, "विधवेच्या हाताला काही लागलेलं नसतं, हे मी शंभर ठिकाणी बोललोय, वहिनी. तुम्हाला सांगायला आलो नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि माहीत असून उपयोग होत नाही, हेही मला कळतं."

मी चहा ठेवला. कुणालाच न विचारलेलं एक विचारायचं होतं. भटजींना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, शेजारणी हो म्हणाल्या असत्या. हो ऐकायला मी आसुसले होते, पण ज्याच्या तोंडून काहीही निघू शकतं अशा माणसाकडूनच ते ऐकायचं होतं. मी विचारलं, "सर, मी डोळे काढले तर ह्यांना दिसेल का हो?"

सरांनी कप खाली ठेवला. पन्हळीचं पाणी अंगणात पडत होतं. त्यांनी त्या बिनडोळ्यांच्या ओळीकडे पाहिलं.

"नाही वाटत मला," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "वाटलं असतं तर मलाही बरं झालं असतं. फाटकातून आत येताना अजून त्यांची हाक येईल असं वाटतं."

आम्ही दोघंही रडलो. सासूबाई आतून आल्या, त्यांनी सरांच्या कपात उरलेला चहा ओतला आणि जवळ बसल्या. माझ्या दुःखाला सरांनी खोटं काही दिलं नाही आणि त्यातून मला एकटीलाही सोडलं नाही. विज्ञान आणि धर्म यांच्यावर मोठी माणसं मोठी पुस्तकं लिहितात, त्यांतली थोडी मी वाचली आहेत. ही दोन्ही ज्या जागी कमी पडतात तिथे सर चहा पीत बसतात, एवढं मी स्वतः पाहिलं आहे.

ह्यांची आठवण कमी झालेली नाही. काम करताना होते, न करताना जास्त होते. सर अजून येतात, आता त्यांचा मुलगा गाडीतून आणतो. कुठल्या देवाने त्यांना आयुष्य द्यावं असं मी लिहिलं तर ते हसतील, पण मागायचं कुणाकडे हे माझं मी बघेन. त्यांचे गुडघे चालते राहोत, सुमनताईंची सोबत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षं श्रावणात आमच्या फाटकापाशी त्यांचा आवाज यावा, एवढंच माझं मागणं आहे.

पाट ठेवून त्या श्रावणातल्या दिवशी सर शेवटच्या गाडीने रोह्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून कारखान्यात गेले, सुमनताईंचा पाट उजेडात ओढला, त्यावर त्यांची मूर्ती ठेवली आणि तिचे डोळे काढले.