बिबा न उतणारा माणूस

मारेगावात आम्ही भाड्यानं राहायचो, त्या घराच्या मागच्या भिंतीपासून बौद्ध वस्ती सुरू व्हायची. पहिलंच घर उकंडा मूनचं. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीच्या हातून परत घेतलं. उकंडा म्हणजे उकिरडा, नाव तेच राहिलं. माणूस उंच, काटक, बोलायला मवाळ. पण त्याच्या अंगणात कुणाचंही लेकरू खेळायला जात नसे. आम्ही आयाच जाऊ देत नसू.

उकंडा बिब्याचं काम करायचा. उन्हापावसात उघडं राहणारं लाकूड फुगतं, चिरतं, मग त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागते. बैलबंडीच्या फळ्या, गोठ्याचे खांब, विहिरीवरचा लाकडी सांगाडा, असं सगळं लोक त्याच्याकडून पक्कं करून घेत. मडक्यात बिबे भरून भोवती गोवऱ्या पेटवायच्या, खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरलेलं तेल जवसाच्या तेलात कालवायचं आणि काठीला बांधलेल्या चिंधीनं ते लाकडात मुरवायचं. ऊन लागलं की फळी काळी कुळकुळीत होते आणि कितीतरी पावसाळे उधई तिच्या वाटेला जात नाही. मात्र ओलं तेल कातडीला लागलं तर बिबा उततो. अंग सुजतं, फोड येतात, फुटतात, चिघळतात. काहींना नुसता धूर लागला तरी डोळे उघडत नाहीत.

उकंडाला काहीच होत नसे. कोपरापर्यंत काळे हात घेऊन तो दिवसभर काम करी.

"काय बे उकंड्या, तुले कातडी हाय का साल हाय?" लोक विचारत.

"साल हाय भाऊ," तोही हसून म्हणे. "आतून सागवान."

त्याचा पहिला मुलगा इंद्रजित महिन्याचाही झाला नव्हता, तेव्हा अंगभर फोड येऊन गेला. उकंडाची बायको शीला म्हणे, बापाच्या हातानं गेला. उकंडा म्हणे, तापानं. "राखेनं धुतले होते मी हात. मंग गोडेतेलानं धुतले. ताप होता त्याले." हे तो न विचारताही सांगायचा. दवाखान्यात नेईपर्यंत पोर राहिलं नाही, त्यामुळे खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणाला शीला माहेरी, मुकुटबनला गेली आणि तिथेच राहिली. मुलगी झाली, उर्वशी. उकंडा बघायला गेला, तर शीलानं पोरगी दाराच्या आतूनच दाखवली.

"हे काम सोड," ती म्हणाली. "दुसरं कोनतंही धर. मंग येईन मी, मंग लाव तिले हात."

तिकडून परतल्यावर त्यानं मला भिंतीवरून विचारलं, "ताई, लेकराले बाप वासानं ओयखू येते म्हनतेत, खरं हाय का?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ स्वतःचे हात हुंगत उभा होता.

दुसरं काम धरायचं तर होतं कुठे? कापसाची ती वाईट वर्षं. लोक बैलजोड्या विकत होते, बंड्या अंगणात चाकं वर करून पडल्या होत्या. शेतात एका निंदणाला दहा बाया आणि दहा माणसं हजर. अशात बाबुलाल शेठचं बोलावणं आलं.

बाबुलालचं बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. गाव खाली जात होतं तसतसे त्याच्या घरावर मजले चढत होते. वणी रस्त्याच्या शेतात त्यानं बंगला बांधला होता आणि बंगल्यासमोर सागवानी फळ्यांचा मोठा उघडा ओटा. कुठल्याशा हॉटेलात बघून आलेला, त्याला तो डेक म्हणे. विकतचं पॉलिश एका पावसाळ्यात पापुद्रे होऊन निघालं होतं आणि फळ्यांच्या पोटातून उधईची माती गळायला लागली होती.

"तुह्या तेलानं पक्का करून दे," बाबुलाल म्हणाला. "मंग तुले गोदामावर चौकीदार ठेवतो. बारमाही."

"शब्द पक्का हाय शेठ?"

"बाबुलालचा शब्द हाय बे. तुह्या तेलापेक्षा पक्का."

उकंडानं त्याच दिवशी मुकुटबनच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर शीलाला निरोप धाडला. नोकरी लागली, ज्येष्ठ पौर्णिमेला पोरीला घेऊन ये.

त्यानं तो डेक मन लावून केला. जुनं पॉलिश खरवडलं, किडलेल्या फळ्या बदलायला लावल्या, तेलाचे दोन हात दिले. शेवटच्या दिवशी बाबुलालला सांगितलं, "आठ दिवस चांगलं ऊन खाऊ द्या शेठ. पानी लागू देऊ नका. कोनी अनवानी चढू नका." त्यानंतर घरी येऊन तेलाची मडकी फोडली, चिंध्या जाळल्या आणि पौर्णिमेच्या ओढीनं रोज विहिरीवर हात घासत बसू लागला.

बाबुलालनं तिसऱ्याच संध्याकाळी बियाण्याच्या एका कंपनीच्या साहेबांना जेवायला बोलावलं. त्या सालच्या मालाचा वाटा ठरायचा होता. फळ्या तापल्या होत्या, म्हणून त्यानं बादल्या भरभरून पाणी मारायला लावलं आणि ओल्यावरच चादरी अंथरल्या. साहेब लोक बूट काढून बसले, लोळले, रात्री गाण्यावर नाचलेही. सकाळी तिघांच्या तळव्यांपासून मांड्यांपर्यंत फोड होते. एकाला बसता येईना. त्याला जीपमध्ये पालथं घालून वणीला नेलं.

उकंडाला दुकानासमोर आणलं, तेव्हा मी पलीकडच्या दुकानात मुलाची दूधपावडर घेत होते. बियाण्यासाठी रस्त्यापर्यंत रांग होती.

"काय लावलं बे तू?"

"बिबाच शेठ. आठ दिवस म्हनून सांगतलं होतं मी."

"सांगतलं होतं! ऐका रे, हा मले सांगते." बाबुलाल रांगेकडे वळला. "याच्या हातचं पानी पेता का रे कोनी?"

प्रश्न गावाला जुनाच होता, त्याला आता नवं कारण मिळालं होतं. रांग हसली. उकंडानं ज्यांच्या बंड्यांना तेल लावलं होतं, तेही तीत होते. त्यांना बियाण्याच्या पिशव्या हव्या होत्या, म्हणून ते शेठपेक्षा जोरात हसले.

"धुऊन दे सगळा डेक," बाबुलाल म्हणाला. "एक थेंब राह्यला नाई पाह्यजे. मंग चौकीदारीचं पाहू."

मंग पाहू, एवढ्यावर उकंडा तयार झाला. कॉस्टिक सोड्याचं पोतं निघालं. दुकानातला नोकर शंकरसिंग फवारणीचे रबरी मोजे घेऊन आला, तर बाबुलालनं ते त्याच्या हातातून काढून घेतले.

"याले कायले? याले त काही होतच नाई. विचार त्याले, सागवान हाय तो."

पुन्हा हशा झाला. उकंडा या वेळी हसला नाही, पण मोजे मागितलेही नाहीत.

सोड्याचं पाणी सुरुवातीला दुखत नाही. साबणासारखं गुळगुळीत लागतं. तो दोन दिवस विटेनं आणि तारेच्या ब्रशनं फळ्या घासत राहिला. काळा रंग गेला, लाकूड पांढुरकं, केसाळ झालं. त्याच्या तळव्यांचं कातडं आधी पांढरं पडलं, मग सुटलं. बोटं फुगून एकमेकांना चिकटली. काम संपल्यावर तो बाबुलालसमोर उभा राहिला.

"झालं शेठ."

बाबुलालनं हात पाहिले आणि तोंड फिरवलं. "असल्या हातानं कुलूप उघडन का तुह्यानं? जा, घरी जा."

पौर्णिमेला शीला आली. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोरगी. पोरीच्या कपाळावर काजळाचा टिक्का, अंगात नवं झबलं. मी मुलाला कडेवर घेऊन मागच्या दारातच होते. उकंडा बाजेवरून उठला आणि शीला जागीच थांबली. तिची नजर त्याच्या हातांवर होती.

"उतला," ती म्हणाली. "आता तुले बी उतला."

"बिबा नोहे वं. सोडा हाय."

"सोड्यानं असं होते? मले लहान लेकरू समजून राह्यला का?"

मला राहवलं नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. भिंतीपाशी जाऊन मी तिला सगळं सांगितलं. कॉस्टिक कसं भाजतं, ही जखम बिब्याची कशी नाही, वरचं कातडंच गेलं तर त्यावर तेल कुठून राहणार. "शीला, त्याचे हात इतके स्वच्छ कधीच नव्हते," मी म्हटलं. "नुसतं पोरीला जवळ दे. दंडावर घेऊ दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोराकडे, मग त्याच्याकडे. गाठोडं खाली ठेवलं. दोन पावलं पुढे गेली आणि पोरीच्या काखेत हात घालून तिला त्याच्यासमोर धरलं.

"घे."

उर्वशीनं पाय झाडले. तिला त्याची दाढी हवी होती बहुतेक, ती पुढे झुकली.

उकंडानं हात वर केले. दंड पुढे आले, मग थांबले. तो आपल्या बोटांकडे बघत होता. एकाएकी तो मागे सरकला, भिंतीला टेकला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको," तो म्हणाला. "असन अजून कुठी थोडासा. नखात असन. नको शीला, घेऊन जाय तिले."

शीलाचे हात पुढेच राहिले होते. पोरगी हवेत लोंबकळत हसत होती. शीलानं तिला हळूच छातीशी घेतलं.

"म्हनजे तुले मालूम होतं," ती म्हणाली.

उकंडा ताप म्हणाला नाही. राख म्हणाला नाही, गोडेतेल म्हणाला नाही. मी वाट बघत होते की तो म्हणेल.

"हेच त्या वक्ती केलं असतं त," शीला म्हणाली. आवाज चढवला नाही. तिनं गाठोडं उचललं, पोरीचं तोंड पदराखाली झाकलं आणि आली त्याच वाटेनं स्टँडकडे गेली. मुकुटबनची गाडी सुटायला अजून वेळ होता. उकंडा भिंतीला टेकून उभा राहिला, हात पाठीमागेच, आणि गाडी गेल्याचा आवाज आल्यावरही त्यानं ते पुढे घेतले नाहीत.