मेलेला पाटा

आमच्या पिकअपची मागची बाजू विटांच्या ओझ्याने बसली होती, म्हणून यांनी ती काल गॅरेजला नेली. मीही बरोबर गेले होते. मिस्त्रीने मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे बाकदार पाटे सोडून जमिनीवर मांडले आणि त्यातला एक पायाने बाजूला सारला. म्हणाला, "हा मेलाय."

मला तो अखंड दिसत होता. मी हळूच विचारलं, "तुटलाय कुठं?"

"तुटला नाही, वहिनी. बाक गेलाय त्याचा. ओझ्याखाली दबतो, पण ओझं काढलं तरी परत वर येत नाही."

"आमच्या हिच्यासारखा नाही म्हणजे. ही लगेच उसळते," हे म्हणाले. दोघंही हसले. मी कधी उसळल्याचं मला आठवत नाही.

मिस्त्रीने भंगारातल्या मोठ्या गाडीचे दोन पाटे कापून आमच्या पाट्यांत घातले आणि सगळे एकत्र आवळले. मी त्या बाजूला पडलेल्या पाट्याकडे बघत राहिले. लोखंड असं आतून थकतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला निदान सोडून बघणारा कोणी भेटला. विटा भरताना मी खालून देते, हे वर रचतात. दिवाळीपासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी जॅकवरून उतरवली, तर मागून वीतभर उंच झाली होती.

"आता दोन थर जास्त बसतील," हे खुशीत म्हणाले. "कशी दिसते?"

हौद्याची कड माझ्या कमरेशी यायची, ती छातीशी आली होती.

"छान दिसते," मी म्हणाले.