इस्तारीभाऊंची रिक्त जागा

दुपारचे अडीच वाजलेत. वीज गेलीय, पंखा थांबलाय, आणि रसायनशास्त्र विभागाच्या टेबलावर कोपरं टेकून बसलेल्या हेमलता घोरमाडे मॅडमचे डोळे मिटत चाललेत. समोर 'विद्यार्थी सहभाग अहवाल' पडलाय. तो पाच वाजेपर्यंत प्राचार्यांना हवाय. बावीस नावं आणि प्रत्येकापुढे गैरहजेरीचं कारण. कारण पटलं नाही तर पोराला परीक्षेला बसता येणार नाही. गेल्या आठवड्यात 'सहभाग सप्ताह' झाला, फलक लागले. पोरं फोटोपुरती आली नि एसटीची गाडी धरायला पळाली. एकविसावं नाव रोशनी कोवे, बी.एस्सी. दुसरं वर्ष. त्यापुढे मॅडमनी वैतागून लिहिलंय, 'अभ्यासात रस नाही.' बाविसाव्या नावाची अक्षरं आता कागदावरून घरंगळायला लागतात.

"म्याडम, पाय घ्या जरा. काच हाये."

परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन इस्तारी नैताम उभे आहेत. एकतीस वर्षं ते या प्रयोगशाळेत परिचर होते. दिवाळीच्या आधी वारले. मॅडम स्वतः मौतीला गेल्या होत्या. त्यांना हे सगळं आठवतंय, तरी त्या पाय आत घेतात.

"इस्तारीभाऊ, तुम्ही तर…"

"हो ना. पन हे धुवाचं रायलं."

ते पुढे, मॅडम मागे. विभागाचं दार उघडतं ते थेट एसटी स्टँडवर. बाकड्यांच्या जागी प्रयोगशाळेचे ओटे आहेत. भोंग्यावरून कुणीतरी गैरहजर मुलांची नावं पुकारतंय. शंभरेक पोरं पाठ करून उभी आहेत, वळून कुणीच पाहत नाही.

मॅडमचा पारा चढतो. "बघा! एवढं करतो आम्ही. मेंटॉर नेमले, फोनवर ग्रुप काढला, जादा तास ठेवले. येतं का कुणी?"

"जादा तास किती वाजता ठेवला?"

"साडेचारला."

"शेवटची गाडी सव्वाचारची हाये."

"मग तोंड नाही का त्यांना? सांगायचं ना!"

"मले सांगत होते," इस्तारीभाऊ म्हणतात आणि नळ सोडतात.

स्टँड कुठे गेलं कळत नाही. प्रयोगशाळेतलं तेच चिरलेलं सिंक आहे. पाणी पडतंय, पण आवाज नाही. पाण्यावर रोशनीचं जर्नल तरंगतंय आणि त्यातली लाल शाई हळूहळू पसरतेय. शाई मॅडमचीच आहे. 'पुन्हा लिहा.' 'पुन्हा लिहा.'

"तीनदा परत केलं तुमी."

"अपुरं होतं! निरीक्षणाचा रकाना कोरा. डोळ्यांसमोर रंग बदलतो आणि ही पोरगी एक शब्द लिहीत नाही."

"तिले दिसते सगळं. इंग्रजी शब्द नाही तिच्यापाशी. ती इथं नळापाशी येऊन मले इचारे. मी तो शब्द गोंडीत समजावून सांगो, मंग ती लिहे."

"हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुमी कधी इचारलं?" इस्तारीभाऊ ट्रे ओट्यावर आदळतात. जिवंतपणी त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. "मी मेलो तवापासून ती कोनाले इचारते? सांगा ना!"

मॅडम गोंधळतात आणि गोंधळल्या की चिडतात. "मी काय करू? तुमच्या जागेसाठी चार पत्रं धाडली. पद रिक्तच आहे."

"कागदावर माह्यं काम काय लिवलं होतं?"

"काचसामान धुणं नि मांडून ठेवणं."

"मंग तेवढंच रिक्त हाये," ते म्हणतात. एक तपकिरी बाटली ते मॅडमच्या हातात देतात. बाटलीची मान ओली आहे. "धरा. बाकीचं आता तुमी करा."

माझे हात आधीच कामानं भरलेत, असं मॅडमना म्हणायचंय. पण सिंकची भिंत गाडीची खिडकी झालीय. थांबा नसलेल्या रस्त्यावर इस्तारीभाऊ ट्रे सांभाळत उतरतात आणि मागे न पाहता चालू लागतात.

पंखा घरघरतो. पावणेतीन. अहवालाचं पान मॅडमच्या गालाला चिकटलंय.

"मेल्यावरही टोचून बोलतात," त्या पुटपुटतात आणि डोळे पुसतात. मग 'अभ्यासात रस नाही' खोडतात, इतकं की कागद फाटतो. विभागात रेंज नसते म्हणून बाहेर पटांगणात, भर उन्हात जाऊन फोन लावतात.

"रोशनी? घोरमाडे मॅडम बोलतेय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो. मग, "म्याडम, परीक्षेतून माझं नाव काढलं का?"

"नाही काढलं. उद्या ये. जर्नल घेऊन."

"अपुरं हाये."

"अपुरंच आण. साडेचारला नाही, एक वाजता ये. गोंडीत तू मला सांग, इंग्रजी शब्द मी देते. मलाही शिकावं लागेल थोडं."

मग पलीकडून अगदी हलकं, "हो, म्याडम."

फोन ठेवताना मॅडमचं लक्ष बोटांकडे जातं. अंगठा आणि दोन बोटं काळी पडली आहेत. तपकिरी बाटलीत ठेवतात ते सिल्व्हर नायट्रेट हाताला लागतं तेव्हा दिसत नाही, उन्हात गेलं की काळं होतं. हे त्या दरवर्षी मुलांना सांगतात. प्रयोगशाळेला चार दिवस कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये आहे. मॅडम रुमाल ओला करून बोटं घासतात, मग नखानं खरवडतात. डाग जात नाही.