घरात माणसं किती?

माझी आत्या शाळेत गणित शिकवते. मुलांनी तिचं नाव फूटपट्टीबाई ठेवलंय. त्या पट्टीने तिने आजवर कुणाला मारलेलं नाही, नुसतं मोजलंय. पण मुलांच्या मते ते जास्त भयंकर. मार एकदा खाल्ला की संपतो, माप मात्र ती तीनतीनदा घ्यायला लावते.

फळ्यावर आलेख काढून दाखवणं तिला पटत नाही. "पोरांनी स्वतः आलेखात उभं राहायला पाहिजे," असं म्हणते आणि खरोखर उभं करते. शाळेच्या व्हरांड्यात सुतळी ताणून दोन अक्ष आखायचे, फरशीवर खडूने आकडे लिहायचे आणि मुलांनी आपापल्या आकड्यासमोर एकामागे एक रांग धरायची. झाला स्तंभालेख. कधी एक स्तंभ दुसऱ्याला चिमटा काढतो, कधी कुणाला लघवीला लागते आणि स्तंभाची उंची एका मुलाने घटते. चालायचंच. घरीही तिचे प्रयोग सुरू असतात. गळक्या नळाखाली मापाचं भांडं ठेवून ती पाणी मोजते. नळ दुरुस्त करायचं मात्र कुणी मनावर घेत नाही, कारण माहिती अजून गोळा होते आहे.

घरात बाबा, आई, मी, पाचवीतली माझी बहीण चिमणी आणि आत्या. आत्याचं लग्न मोडलं तेव्हा बाबा तिला घरी घेऊन आले, ती तेव्हापासून कोपऱ्यातल्या खोलीत. यंदा मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं, "वसतिगृहावर देखरेखीला बाई हव्यात. स्वतंत्र दोन खोल्या मिळतील. शनिवारपर्यंत सांगा."

बाबा म्हणाले, "तुझं तू बघ."

आई म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा, वन्सं."

झालं, आत्याची झोप उडाली. 'बघ' म्हणजे जा की राहा? 'बरं वाटेल' म्हणजे नक्की कुणाला? शेवटी तिने मला गाठलं. "खरं सांग, मी या घरातली आहे, की या घरात राहते?"

"दोन्हींत फरक काय?"

"तुला नोकरी का लागत नाही ते कळलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

गुरुवारी ती सुतळीचा गुंडा घरीच विसरली. मी रिकामाच, म्हणून तो शाळेत नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे आत्याने मला सुतळीचं एक टोक धरून उभं केलं. त्या दिवशीचा प्रश्न होता : घरात माणसं किती? मुलं घरून विचारून आली होती. ढकलाढकली झाली, रांगा लागल्या. पाहतो तर आमची चिमणी 'चार'समोर उभी.

आत्याच्या हातातली सुतळी सैल पडली. "चिमणे, चार?"

"हो, बाई." शाळेत ती तिला बाई म्हणते.

"नीट मोजलंस का?"

"आईला विचारलं. आई म्हणाली चार."

"कोण कोण चार?"

"ते नाही विचारलं. तुम्ही फक्त आकडा आणायला सांगितला होता."

आत्याने सुतळी पुन्हा ताणली. मग म्हणाली, "आपण आधी ठरवू या. घरातलं माणूस म्हणजे कोण?"

"ज्याचा टूथब्रश असतो तो!" एक मुलगा ओरडला.

"आमच्या काकाचा आहे, पण काका परदेशात आहे."

"ज्याच्यासाठी दार उघडं ठेवतात तो."

"आमच्याकडे मांजरासाठी ठेवतात."

"जो सगळ्यांना ओरडतो तो!"

मग जी पळापळ सुरू झाली! तीनचे पाच झाले, सहाचे चार झाले, एकजण मांजर धरून सातवर गेला आणि रागाने परत आला. घंटा झाली तेव्हा सगळ्यात उंच स्तंभ कुठल्याच आकड्यासमोर नव्हता. निम्मा वर्ग भिंतीला टेकून डोकं खाजवत होता. आत्याही त्यांच्यातच.

घरी येताना ती म्हणाली, "चला, शनिवारचं उत्तर मिळालं."

"अगं, मला वगळलं असेल. आई रोज म्हणते, हा असून नसल्यासारखा."

"ते कौतुक असतं रे. मोजणी वेगळी."

आई स्वयंपाकघरात होती. आत्याने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "वहिनी, या घरात माणसं किती?"

"आता तुम्हीही सुरू केलंत? काल त्या पोरीने डोकं खाल्लं माझं. चार."

"कोण कोण?"

आईने पळी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताची बोटं दुमडत गेली. "हे. हा आमचा ऐतोबा. चिमणी. तुम्ही. झाले की चार."

'तुम्ही' ऐकून आत्याने दाराची चौकट धरली.

"आणि, वहिनी?"

"आणि कोण? कुणी येणार आहे का जेवायला? आधी सांगायचं ना, मी जास्त चढवलं असतं!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझ्याकडे पाहिलं. उत्तर फोडणाऱ्या पोराकडे ती तसंच बघते.

शनिवारी तिने मुख्याध्यापिकांना नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "घरी मोजणीत एक माणूस कमी भरतंय. मला राहायला हवं." कुणीतरी बेपत्ता झालंय असं वाटून बाईंनी तिला पाणी दिलं आणि पोलिसांत गेलात का म्हणून विचारलं.

इकडे आईलाही काही कळेना. "चांगल्या दोन खोल्या मिळत होत्या. नाही का म्हणालात?"

"तुम्हाला मोजता येत नाही म्हणून."

मग काय, आईचा पारा चढला. "मला? इतकी वर्षं या घरात माझ्या हातून कधी एक ताट कमी पडलंय?" तेव्हापासून दोघींचा अबोला, आणि निरोप्या मी. आई म्हणते, "विचार तुझ्या आत्याला, माझं काय चुकलं?" आत्या म्हणते, "म्हणावं, पुन्हा मोजा. आणि तू मध्ये सांगायचं नाहीस, तिचं तिला सापडू दे."

काल आईने पुन्हा मोजलं. मोठ्याने, आत्याच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं, एकेक बोट दुमडत. चारच भरले.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मान डोलावली.

"बरोबर आहे की," ते म्हणाले.